जोतीरावांचे अखेरचे दुखणे आणि सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर १८४८ सालची पुण्याच्या भिडे वाड्यातील मुलींची शाळा उभी राहते. अंगावर शेणमाती झेलीत शाळेकडे जाणारी तरुण शिक्षिका आठवते. जयंतीच्या दिवशी होणारी बहुतेक भाषणे येथवर येतात आणि थांबतात. पण त्या शिक्षिकेने पुढे साठीच्या उंबरठ्यावर नवऱ्याचे न बरे होणारे दुखणे काढले, त्याच्या मरणाला सामोरी गेली आणि त्यानंतरची सहा वर्षे त्याचे काम चालविले, हे आपल्या घरातून फारसे सांगितले जात नाही. बौद्ध झालेल्या आपल्या कुटुंबांना या नऊ वर्षांपासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कारण धर्मांतराची खरी कसोटी सभेत होत नाही, ती घरात अंथरुण धरलेले माणूस असते तेव्हा होते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न जोतीराव फुले यांच्याशी झाले. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकविले आणि शिकलेल्या सावित्रीबाईंनी इतरांना शिकविले. या कामापायी १८४९ साली नवरा-बायको दोघांना घर सोडावे लागले. त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख यांनी, आणि त्यांच्या घरातील फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सहकारी शिक्षिका झाल्या. मुलींच्या शाळांबरोबर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि १८७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांना जेवण घालण्याचे काम उभे राहिले. या प्रत्येक कामात निम्मा भार सावित्रीबाईंनी उचललेला होता.

या जोडप्याला मूल झाले नाही. त्या काळात अशा वेळी पुरुषाने दुसरी बायको करणे हे अगदी साधे मानले जाई, आणि नातेवाईकांनी तशी गळ घातलीही. जोतीरावांनी ते साफ नाकारले. १८७४ साली त्यांनी काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत. या मुलाच्या जन्मावरून पुढे स्मशानाच्या वाटेवर भांडण व्हावयाचे होते.

दुखणे म्हणजे काय हे या नवरा-बायकोला तरुणपणीच ठाऊक झाले होते. १८५६ साली सावित्रीबाई स्वतः आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या. भावाने त्यांची शुश्रूषा केली. तेथून त्यांनी ऑक्टोबर महिन्यात जोतीरावांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात स्वतःच्या प्रकृतीविषयी थोडे आणि कामाविषयी पुष्कळ आहे. आपल्या मागे फातिमेवर सगळा ताण पडला असेल याची त्यांना काळजी वाटते. महार-मांगांसाठी झटणाऱ्या जोतीरावांना नावे ठेवणाऱ्या भावाशी त्यांनी कसा वाद घातला तेही त्यात आले आहे. आजारातून नुकती उठलेली बाई माहेरच्या अंगणात बसून नवऱ्याच्या बाजूने भावाला खडसावते, ही सावित्रीबाईंची मूळ प्रकृती होती.

जुलै १८८८

११ मे १८८८ रोजी मुंबईला मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा भरली आणि कष्टकरी जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. लिहिणारा हात गेला.

पक्षाघाताला आपल्याकडे अर्धांगवायू म्हणतात, आणि नावात वायू असल्यामुळे पुष्कळांना तो वाऱ्याचा किंवा बाहेरचा प्रकार वाटतो. वास्तविक हा मेंदूचा आजार आहे. मेंदूला रक्त पुरविणारी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचे काम पाहते, म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात-पाय जातो. १८८८ साली यावर खात्रीचा उपाय जगात कोठेच नव्हता. पुण्याचे नामांकित शस्त्रवैद्य डॉ. विश्राम रामजी घोले हे सत्यशोधक समाजातले, जोतीरावांचे स्नेही. त्यांनी उपचार केले. जोतीरावांच्या घरात अंगारे-धुपारे आले नाहीत, तेथे डॉक्टर आले. हे वाक्य आपण दोनदा वाचावे, कारण आपल्या वस्त्यांतून आजही असे दुखणे आले की करणी झाली म्हणणारे शेजारी आधी येतात आणि डॉक्टर नंतर.

औषधाच्या पलीकडची जी सेवा असते ती सावित्रीबाईंच्या वाट्याला आली. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न होते. अर्धे अंग गेलेल्या माणसाला कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास भरवावा लागतो, अंग पुसावे लागते, उठविताना त्याचा सगळा भार आपल्या खांद्यावर घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी असे माणूस पडून आहे त्यांना हे सांगावयास नको. आणि यापेक्षाही अवघड काम असते ते रुग्णाच्या मनाला धरून ठेवण्याचे. आयुष्यभर सभा गाजविलेला, बांधकामाची कंत्राटे घेऊन शेकडो मजुरांवर देखरेख केलेला हा पुरुष पेला उचलण्यासाठी दुसऱ्याकडे पाहू लागला, तेव्हा त्याला आपण अजून उपयोगाचे आहोत असे वाटावयास लावणे हीच मोठी शुश्रूषा होती.

डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ

जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक हा आपला अखेरचा ग्रंथ लिहावयास घेतला. १ एप्रिल १८८९ रोजी तो पुरा झाला. म्हणजे उजवा हात गेल्यापासून नऊ महिन्यांत हा ग्रंथ हातावेगळा झाला. ज्या घरात औषधपाणी, पथ्य, येणारे-जाणारे आणि पैशाची चणचण हे सगळे एकाच वेळी चालू आहे, त्या घरात असा ग्रंथ लिहून होतो तो घर सांभाळणारे माणूस खंबीर असते म्हणूनच.

या पुस्तकात जोतीरावांनी स्त्री आणि पुरुष दोघेही जन्मतः स्वतंत्र आहेत हे मांडले. बहुपत्नीकत्वाचा त्यांनी समाचार घेतला. एका ठिकाणी तर त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे की ज्यातील पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी आहे, आणि तरीही सगळे प्रेमाने एकत्र नांदत आहेत. १८८९ साली, आजारपणाच्या अंथरुणावरून, एका माळ्याच्या मुलाने बौद्ध स्त्रीची कल्पना करावी आणि धर्म निवडण्याचा हक्क तिचा तिला द्यावा, ही गोष्ट आपल्या भगिनींनी विसरू नये.

दुखणे चालू असतानाच घरात लग्नही झाले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचा विवाह ग्यानोबा सासने यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून, लागला. यशवंत विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी देण्यास समाज कचरत होता. सासन्यांनी ती दिली. घरातले कर्ते माणूस अंथरुणावर आहे म्हणून सावित्रीबाईंनी तत्त्व पुढे ढकलले नाही, आणि सोय म्हणून जुन्या विधीचा आधारही घेतला नाही.

पैशाची ओढाताण

जोतीराव काही जन्माचे दरिद्री नव्हते. कंत्राटाच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळविला होता. पण तो शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह आणि समाजाचे काम यांत गेला होता. आता मिळवता हात बंद झाला आणि औषधाचा खर्च सुरू झाला. मित्रांनी मदत केली. जुलै १८९० मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून जोतीरावांची स्थिती कळविली. त्या पत्रात त्यांनी जोतीरावांची थोरवी तर सांगितलीच, पण त्यांच्या पत्नीची थोरवी त्याहूनही अधिक आहे असे आवर्जून लिहिले. शिकल्या-सवरलेल्या, पदराला खार लावून इतरांची मुले सांभाळणाऱ्या या बाईची समकालीन माणसाने दिलेली ही पावती आहे.

दीर्घ दुखण्यात घर कसे पोखरते हे आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. भांडी विकली जातात, मुलीची शाळा आधी सुटते, मग मुलाची. सावित्रीबाईंच्या घरी ओढाताण होती तरी यशवंताचे शिक्षण थांबले नाही. तो पुढे डॉक्टर झाला. हा निर्णय किती मोलाचा होता हे पुढे दिसून येईल.

भगवान बुद्धाच्या काळातील नकुलपिता आणि नकुलमाता या उपासक दांपत्याची कथा येथे आठवते. नकुलपिता फार आजारी पडला, वाचेल असे वाटेना. तेव्हा नकुलमाता रडत बसली नाही. मागे राहिलेल्या संसाराची चिंता मनात ठेवून मरू नका, मी सूत कातून, लोकर पिंजून मुलांना पोशीन, धम्माच्या वाटेवरून ढळणार नाही, अशा अर्थाचा धीर तिने नवऱ्याला एकेक काळजी घेऊन दिला. त्या धीराने तो उठला असे कथेत आहे. जोतीराव उठले नाहीत. पण मरणाऱ्याच्या मनावरचे ओझे कमी करणे म्हणजे काय, हे या दोन्ही घरांत सारखेच दिसते. जोतीरावांनीही आपल्या बाजूने पत्नीची काळजी मिटविली होती. दुखणे येण्याच्या एक वर्ष आधी, १० जुलै १८८७ रोजी, त्यांनी मृत्युपत्र करून ते सरकारदरबारी नोंदविले होते आणि आपल्या मागे मालमत्ता सावित्रीबाईंच्या व यशवंताच्या हाती राहील अशी व्यवस्था केली होती. आपल्यापैकी किती घरांत पुरुष धडधाकट असताना बायकोच्या नावाने कागद होतो?

मडके कोणी धरावे?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पहाटे जोतीराव गेले. पन्नास वर्षांचा संसार संपला.

आपले शरीर न जाळता मिठात पुरावे अशी जोतीरावांची इच्छा होती आणि घराच्या मागे त्यांनी त्यासाठी खड्डाही करवून ठेवला होता. वस्तीत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. तेव्हा दुसरा प्रश्न निघाला. प्रेतयात्रेपुढे टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, कोणी धरावयाचे? जो टिटवे धरतो तो वारस, अशी रूढी. यशवंत दत्तक, तोही ब्राह्मण विधवेचा मुलगा, म्हणून भाऊबंदांनी हरकत घेतली. वडील दारात निजलेले आणि मुलाच्या हक्कावरून वाद चाललेला, असा तो प्रसंग होता.

सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले, अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि पतीच्या चितेला स्वतः अग्नी दिला. त्या काळी उच्चवर्णीयांत नवरा मेल्यावर बाईचे केस उतरवून तिला अंधाऱ्या खोलीत बसवीत. सत्यशोधकांनी नाभिक बांधवांना विधवांच्या डोक्याला वस्तरा लावू नका म्हणून आवाहन केले ते याच सुमारास. अशा समाजात एका विधवेने उघड्या रस्त्याने स्मशानात जाऊन अग्नी देणे हे साधे काम नव्हते. आणि ते तिने अठ्ठावीस महिने रात्रंदिवस शुश्रूषा करून थकलेल्या शरीराने, ज्या दिवशी तिचे स्वतःचे काळीज फाटले होते त्या दिवशी केले. अस्थी घरी आणून जोतीरावांनी तयार ठेवलेल्या जागी ठेवण्यात आल्या. पुण्याच्या फुले वाड्यात ती समाधी आपण आजही पाहू शकतो.

आपल्या समाजात एखादे माणूस गेले की दहाव्याचा घाट, पिंड, कावळा, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे सगळे मागच्या दाराने घरात शिरते. लोक काय म्हणतील, मेलेल्याचा आत्मा अडकेल, असे भय दाखविले जाते. दुःखाने वाकलेल्या माणसाला नाही म्हणण्याची ताकद नसते, आणि रूढी नेमकी तीच वेळ साधते. सावित्रीबाईंनी त्या वेळी नाही म्हटले. ज्यांना रूढी मोडावयाची आहे त्यांनी घरात माणसे धडधाकट असतानाच बसून ठरवावे की आमच्या मागे काय करावे आणि काय करू नये. जोतीरावांनी तसे ठरवून ठेवले होते, म्हणून सावित्रीबाईंना उभे राहता आले.

शोकाची सहा वर्षे

शोक करणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. पन्नास वर्षांची सोबत तुटल्यावर मन कळवळणारच. सावित्रीबाईंनी त्या शोकाला काम दिले. १८९१ साली यशवंताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक प्रसिद्ध केले. १८९२ साली सावित्रीबाईंचा बावन्नकशी सुबोध रत्नाकर हा काव्यसंग्रह निघाला. त्यात बावन्न रचनांतून त्यांनी जोतीरावांचे चरित्र आणि त्यामागचा इतिहास गायिला आहे. पुढे पूज्य बाबासाहेबांनीही माता रमाईच्या १९३५ सालच्या निधनानंतर आपला थॉट्स ऑन पाकिस्तान हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांचे आणि सावित्रीबाईंचे दुःख या एका जागी भेटते.

१८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तिचे अध्यक्षपद सावित्रीबाईंनी भूषविले. १८९५ साली सून गेली. तेही दुःख त्यांनी पचविले. १८९६ च्या दुष्काळात त्या पुन्हा बाहेर पडल्या. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान मांडले. लष्करात डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून त्यांनी हडपसरजवळ सासन्यांच्या माळावर दवाखाना सुरू करविला. ओढाताणीत थांबू न दिलेले ते शिक्षण आता इतरांचे प्राण वाचविण्याच्या कामी आले. त्याच साथीत सत्यशोधक कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी प्राण ठेवला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. नवऱ्याच्या उशाशी जी शुश्रूषा त्यांनी केली, तीच त्यांनी शेवटी आपल्या एका लेकराची केली. जो आजाऱ्याची सेवा करतो तो माझीच सेवा करतो अशी शिकवण भगवान बुद्धाने भिक्खूंना दिली होती. ती सावित्रीबाईंच्या आचरणात पुरेपूर उतरली होती.

आपल्या घरासाठी

आता थोडे आजचे. पक्षाघातावर आज उपाय आहे, पण तो वेळेचा आहे. तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडू लागला, बोलणे अडखळू लागले की तडक मोठ्या इस्पितळात न्यावे. रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. देवऋष्याच्या दारात हे तास गेले तर गेले.

मेंदूच्या दुसऱ्या एका आजाराचेही बोलले पाहिजे, तो म्हणजे मेंदूचा कर्करोग. सकाळी उठताच डोके दुखणे, उलटी, एकाएकी फिट येणे, बोलण्यात किंवा स्वभावात फरक पडणे ही त्याची लक्षणे असू शकतात. स्वभाव बदलला की आपल्याकडे बाधा झाली म्हणतात, आणि त्या माणसाला मारझोडही होते. ग्लायोब्लास्टोमा नावाच्या प्रकारात तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे देऊनही रुग्णाला बहुधा वर्ष-दीड वर्षाचेच आयुष्य मिळते. शांत नवरा बायकोवर ओरडू लागतो, प्रेमळ बायको नवऱ्याला ओळखीनाशी होते. अशा वेळी जोडीदाराने एवढे ध्यानात ठेवावे की हे बोलणे माणसाचे नसून दुखण्याचे आहे. बरे करणे डॉक्टरांच्याही हाती नसेल, तरी वेदना कमी करणे, स्वच्छ ठेवणे, सोबत बसणे आणि त्याला अजून घरातले कर्ते माणूस म्हणून वागविणे हे आपल्या हाती राहते. जोतीरावांच्या डाव्या हाताला काम मिळाले तसे काही ना काही काम प्रत्येक रुग्णाला देता येते.

आणि शुश्रूषा करणाऱ्या माणसाचीही विचारपूस झाली पाहिजे. बहुतेक घरांत हे माणूस म्हणजे बाई असते, आणि रुग्णाला भेटावयास येणारे दहाजण तिला एकदाही विचारीत नाहीत की तू जेवलीस का, रात्री झोपलीस का. बायको आजारी पडली तर पुरुषानेही हे सगळे केले पाहिजे, त्यात कमीपणा नाही. आपल्या विहाराच्या महिला मंडळांनी आणि तरुणांनी अशा घरांची पाळी वाटून घ्यावी. एक रात्र जागावयास जावे, एक वेळचा डबा न्यावा, औषधाला पैसे जमवावे, मुलांचा अभ्यास घ्यावा. माणूस गेल्यावर त्या घरच्या बाईच्या अंगावरचे काही उतरवू नये, आणि तिला अग्नी द्यावयाचा असेल तर तिला वाट करून द्यावी. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या रस्त्यावर सावित्रीबाईंनी ती वाट पाडून ठेवली आहे.

जय भीम.